कॅम्पर व्हॅनच्या टपावर सोलर पॅनेल: सोलापूरच्या उन्हात टिकेल अशी बसवणूक

पॅनेल विकत घेण्याआधी शिडी लावून गाडीच्या टपावर चढा. नवखा माणूस बहुतेक वेळा उलटे करतो. आधी वॅट बघून पॅनेल मागवतो आणि खोके दारात आल्यावर ते टपावर मावते का, हे बघायला निघतो. टपावर मोकळी जागा किती, पत्रा किती जाड आणि आतून आडव्या पट्ट्या कुठे गेल्या आहेत, यावरून पॅनेलचा आकार ठरतो. वॅटचा नंबर त्यानंतर.

सोलापुरात उन्हाची चिंता करायचे कारण नाही. आपण साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. डिसेंबरच्या शेवटीही दुपारी तो क्षितिजापासून जवळपास ४९ अंश वर असतो, म्हणजे सपाट ठेवलेल्या पॅनेललाही त्या वेळी तीन चतुर्थांश ऊन मिळते. पॅनेल तिरपे करायची बिजागरी, जॅक वगैरे भानगडीत पडू नका. सपाट बसवा आणि विसरून जा. इथे खरी परीक्षा तीन गोष्टींची: उष्णता, वारा आणि पावसाचे पाणी. शंभर वॅट कमी घेतले तरी चालेल, पण या तिन्हींचा बंदोबस्त आधी करा.

टपाचे माप

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, पॅनेलच्या मापाचा कापा आणि टपावर ठेवून बघा. कागदावरच्या नकाशापेक्षा हा पुठ्ठा जास्त खरे बोलतो. छताचा पंखा, एसीचा डबा, सामानाचे कॅरियर, आत चढायची झडप यांपैकी कशाची सावली पुठ्ठ्यावर पडते ते सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला बघा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली हातभर सावलीही मोठा हिस्सा बंद पाडते, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात.

मग आतून छताचे अस्तर थोडे सोडवा. पत्र्याखाली गाडीच्या रुंदीभर गेलेल्या आडव्या पट्ट्या दिसतील. त्यांची जागा बाहेरून टपावर मार्करने उमटवून ठेवा. पत्रा नुसता दाबला की टक टक आत-बाहेर होतो, पट्टीवर मात्र तो हलत नाही. पॅनेलचे वजन शक्यतो या पट्ट्यांवर आले पाहिजे. बहुतेक व्हॅनच्या टपावर पत्र्याला ताठपणा यावा म्हणून लांबीच्या दिशेने उंचवटे दाबलेले असतात. पॅनेलचे पाय उंचवटा आणि खोलगट भागाच्या मधोमध तिरपे येणार नाहीत, हे याच वेळी बघून घ्या.

ट्रॅव्हलर किंवा विंगरवर दोन-तीन पॅनेल आरामात बसतात. ईको, ओम्नीवर एक, फार तर दोन लहान.

आता घराच्या छतावर लावतात त्या मोठ्या पॅनेलचा मोह. ५४० वॅटचे पॅनेल दर वॅटमागे बरेच स्वस्त पडते, हे खरे. पण ते साधारण २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २८ किलोच्या आसपास असते. एवढी लांब काच खड्ड्यात आणि गावोगावच्या गतिरोधकांवर पिळ खाते. गाडी लांब असेल आणि खाली पूर्ण चौकट करणार असाल तर जरूर लावा. नाहीतर १६० ते २०० वॅटची दोन पॅनेल घ्या. ती साधारण दीड मीटर लांब आणि पाऊण मीटरच्या आतबाहेर रुंद, एका माणसाला उचलता येतात, आणि एकाला तडा गेला तरी दुसरे चालू राहते.

टपाला चिकटवायची पातळ, वाकणारी पॅनेल मी सोलापुरात तरी सुचवणार नाही. खाली हवा नसते, त्यामुळे ती भयंकर तापतात आणि लवकर दम टाकतात. उंचीची फारच अडचण असेल तरच त्यांचा विचार करा.

किती वॅट लागतील?

हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. गाडीतली १२ व्होल्टवरची वस्तू किती वॅटची आणि दिवसात किती तास चालते, याचा गुणाकार करा. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज ४५ वॅटचा असला तरी सतत चालत नाही. आपल्या उन्हाळ्यात निम्मा वेळ धरा, म्हणजे ५०० वॅट-तासांच्या पुढे. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा २८ वॅटने दहा तास म्हणजे २८०. दिवे, मोबाइल, थोडा वेळ लॅपटॉप मिळून आणखी २००-२५०. बेरीज हजाराच्या घरात जाते. दिवसाला पाच तासांचे भरपूर ऊन धरले आणि तीस टक्के घट सोडली, तर १६५ वॅटच्या दोन पॅनेलमधून ११५० वॅट-तास मिळतात. जमले.

एसी चालेल का, हा प्रश्न सोलापुरात पहिला येतो. नाही. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो आणि आपल्याला तो लागतो रात्री. त्या पैशांत छताला आतून चांगले इन्सुलेशन करा आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा.

आधी कागद

गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते. नोंदणी प्रमाणपत्रावरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. त्यामुळे भोके पाडण्याआधी एमएच-१३च्या आपल्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. गाडी आधीच कॅम्पर म्हणून नोंदवलेली असेल तर बोलणे सोपे जाते. पॅनेल बसल्यावर गाडीची नवी उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. रेल्वेच्या भुयारी मार्गांपुढच्या लोखंडी कमानीला सहा इंचांचा फरकही पुरतो.

पॅनेलखाली हवा

पॅनेलवर छापलेले वॅट हे सेलचे तापमान २५ अंश असतानाचे असतात. सोलापुरात मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की काचेखालचे सेल ७० अंशांपर्यंत जातात. साध्या मोनो पॅनेलचे उत्पादन दर अंशाला साधारण ०.३५ टक्क्याने घटते. म्हणजे ४५ अंशांच्या फरकात जवळपास १६ टक्के गेले, आणि १६५ वॅटचे पॅनेल भर दुपारी १४० वॅटच्या आत आले. हा पॅनेलचा दोष नाही.

त्यात टपाचा पत्रा स्वतः तव्यासारखा तापलेला असतो. पॅनेल त्याला टेकवले तर दोन्हीकडून भाजते. म्हणून पॅनेलची चौकट आणि पत्रा यांत किमान ३० ते ४० मिलिमीटर मोकळी जागा ठेवा आणि बाजू बंद करू नका. या जागेचा दुसरा फायदा गाडीच्या आत जाणवतो: पॅनेलची सावली पत्र्यावर पडते, मधून वारा खेळतो आणि त्याखालचे छत बाकी टपापेक्षा कमी तापते.

मग सत्तर-ऐंशी मिलिमीटर का नको? वाऱ्यामुळे.

वाऱ्याचा हिशेब

पुणे किंवा हैदराबादच्या हायवेवर ताशी १०० किलोमीटरने जाताना दर चौरस मीटरमागे हवेचा दाब साधारण ४७ किलो वजनाइतका असतो. समोरून ४० किलोमीटरचा वारा आला की तो दुप्पट, ९० किलोच्या वर. १६५ वॅटचे पॅनेल जवळपास एक चौरस मीटर असते. हा सगळा दाब उचलण्यात जात नाही, पण पाय बसवताना हिशेब याच आकड्याने करा आणि वर दुप्पट-तिप्पट सुरक्षितता ठेवा. पुढची कड गाडीच्या काचेच्या अगदी वर आणू नका, थोडी मागे घ्या. पुढच्या बाजूला ॲल्युमिनियमची तिरपी पट्टी लावली तर वारा पॅनेलखाली घुसण्याऐवजी वरून जातो आणि शिट्टीसारखा आवाजही थांबतो. पट्टीखाली बोटभर फट राहू द्या, हवा खेळायला.

पॅनेल धरायचे तीन मार्ग आहेत.

जुन्या गाड्यांना टपाच्या कडेने पावसाची पन्हळ असते. तिला पकडणारे पाय आणि त्यावर आडव्या ॲल्युमिनियम पट्ट्या हा सर्वांत निर्धोक मार्ग: पत्र्याला एकही भोक नाही, आणि गाडी विकताना सगळे सोडवून घेता येते. पन्हळ गंजलेली नाही ना, एवढे तपासा.

दुसरा मार्ग बोल्टचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलात तर तो म्हणेल, "साहेब, अँगल टाकून चार वेल्डिंग मारतो, हलायचं नाव घेणार नाही." त्याची अँगल घ्या, वेल्डिंग नको म्हणा. टपाच्या पातळ पत्र्यावर वेल्डिंग केले की आतला रंग जळतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिथूनच गंज धरतो. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला धोका तो वेगळाच. बोल्ट एम-८, स्टेनलेस स्टील ३०४चे, नायलॉनवाला नट, वर रबरी वायसर. आतून प्रत्येक बोल्टखाली तळहाताएवढी जाड पट्टी हवी, म्हणजे ओढ पत्र्याच्या एकाच बिंदूवर येत नाही. ॲल्युमिनियम आणि लोखंड थेट भिडू देऊ नका, मध्ये रबराची चकती ठेवा. ओलावा आला की या दोन धातूंच्या भेटीत ॲल्युमिनियम खाल्ले जाते. भोक पाडल्यावर उघड्या कडेला लगेच प्रायमर लावा. लोखंडाचा कीस टपावर सोडला तर दोन दिवसांत तांबडे डाग उमटतात, म्हणून तो चुंबकाने गोळा करा.

तिसरा मार्ग चिकटवण्याचा. नवख्याचा यावर विश्वास बसत नाही, पण गाड्यांच्या काचा अशाच पॉलियुरेथेन गोंदाने बसलेल्या असतात. काम नीट केले तर हा मार्ग उत्तम आहे. फक्त त्याला सोलापूरचे हवामान नीट समजून घ्यावे लागते.

गोंदाने पाय बसवताना

पहिला प्रश्न टपाच्या रंगाचा. गोंद पत्र्याला चिकटत नाही, रंगाला चिकटतो. सेकंडहँड गाडीला डेंटिंग-पेंटिंग झाले असेल आणि रंगाखाली पुट्टी असेल तर तुमचे पॅनेल त्या पुट्टीच्या भरवशावर राहते. साधे चुंबक कापडात गुंडाळून टपावर फिरवा. जिथे ते ढिले धरते तिथे पुट्टी आहे. अशा टपावर गोंदाचा नाद सोडा, किंवा पायांच्या जागा पत्र्यापर्यंत घासून पुन्हा प्रायमर आणि रंग करून घ्या.

दुसरा प्रश्न वेळेचा. सिकाफ्लेक्स २५२सारखा गोंद हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो रेंगाळतो, आणि दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर तर लावायचाच नसतो. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. उन्हाळ्यातच करायचे असेल तर गाडी रात्रभर शेडमध्ये ठेवून भल्या सकाळी, पत्र्याला हात लावला तर गार लागतो तेव्हा. जूनमध्ये ओलावा मिळतो, पण अंगावर सर आली तर सगळे बिघडते.

टप साबणाने धुऊन वाळू द्या. पाय बसायच्या जागा मार्करने आखा, तिथे स्कॉचब्राइटने हलके घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापड दर वेळी नवे घ्या, नाहीतर तोच तेलकटपणा इकडून तिकडे जातो. नंतर बोटही लावू नका. गोंद कंपनीने प्रायमर सांगितला असेल तर तो, आणि त्याला सांगितला तेवढा वाळायचा वेळ. पायाच्या तळाचीही हीच तयारी. बाजारात प्लास्टिकचे कोपरे मिळतात, पण इतक्या उन्हात माझा कल ॲल्युमिनियमच्या पायांकडे आहे.

गोंदाच्या नळीचे तोंड त्रिकोणी कापा आणि साधारण सेंटीमीटरभर उंचीची धार ओढा. बंद गोल करू नका. आत हवा कोंडली की तिथला गोंद वाळत नाही. चार कोपऱ्यांत ३ मिमी जाडीचे रबरी तुकडे ठेवा आणि पाय त्यांना टेकेपर्यंतच दाबा. पुष्कळ जण इथे जोर करून सगळा गोंद बाहेर काढतात. पत्रा आणि चौकट ऊन-सावलीत वेगवेगळ्या मापाने ताणतात. तो ताण झेलायला गोंदाची जाडी लागते. धार ओढल्यापासून दाबण्यापर्यंतचे काम पंधरा-वीस मिनिटांत उरका, वर साय धरली की पकड गेली. कडेने बाहेर आलेला गोंद बोटाने उतरता सारखा करा, म्हणजे पाणी साचत नाही.

हा गोंद कडेकडून आत वाळत जातो, बऱ्या हवेत दिवसाला साधारण तीन मिलिमीटर. रुंद पायाच्या मधोमध पोहोचायला त्याला आठवडा सहज लागतो. तोवर गाडी शेडमध्येच राहू द्या. आणि हार्डवेअरच्या दुकानातले, व्हिनेगरसारखा वास मारणारे सिलिकॉन यासाठी अजिबात नको. ते धातूला खाते आणि त्यावर पुढे ना रंग बसतो ना दुसरा गोंद.

मोठ्या पॅनेलला गोंद आणि मोजके बोल्ट असे दोन्ही करणे मला जास्त पटते.

वायरचे भोक आणि पाणी

टपावर एकच भोक, तेही पुढच्या बाजूला नाही. पॅनेलच्या मागच्या कडेजवळ किंवा पॅनेलखाली, पण खोलगट भागात नव्हे, उंचवट्यावर. त्यावर दोन वायरींची केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसून पाणी अडवणारा तुकडा, बसवा, तोंड गाडीच्या मागच्या दिशेला. भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट हवाच. पत्र्याची धार हायवेच्या थरथरीत वायरचे आवरण कापते. वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे तिच्यावरून वाहणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकते, भोकात जात नाही. काम झाल्यावर बादलीभर पाणी ओता. आपल्याकडे पाणी जपून वापरायची सवय आहे, पण ही एक बादली सोडू नका.

वायर सोलरसाठीची, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची. साधी घरगुती वायर टपावरच्या उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. जाडीचा हिशेब असा: पाच मीटर अंतरावर ४ चौरस मिमीची वायर आणि दोन पॅनेल समांतर जोडली तर १८ अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच गळतात. तीच पॅनेल एकामागे एक जोडली तर प्रवाह निम्मा, विजेचा दाब (व्होल्टेज) दुप्पट आणि गळती सव्वा टक्क्याच्या आसपास. म्हणून टपावर सावली नसेल आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलची जास्त व्होल्टेजची वीज बॅटरीला हवी तशी करून देणारा डबा) असेल तर एकामागे एक जोडा. सावली असेल तर समांतर जोडा आणि वायर ६ चौरस मिमीची घ्या. समांतर जोडणीत पॅनेल तीन किंवा जास्त असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज लागतो.

एमसी-४ कनेक्टर (सोलर वायरी जोडायचे प्लग) योग्य पकडीनेच दाबून घ्या, पक्कडने चेचू नका. वायर दर फुटावर क्लिपने बांधा. मोकळी वायर वाऱ्यात टपावर आपटत राहते.

जोडणीचा क्रम

कंट्रोलर एमपीपीटीच घ्या. दोन पॅनेल एकामागे एक म्हणजे उघडे व्होल्टेज ४४-४५. थंडीत ते वाढते. स्पिती-लडाखचा बेत असेल तर दहा-बारा टक्के जास्त धरा. १०० व्होल्ट, ३० अँपिअरचा कंट्रोलर निवांत पुरतो. बॅटरी १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर साधारण १२८० वॅट-तास साठतात; ती गाडीच्या आत, हवेशीर आणि चुलीपासून लांब ठेवा. कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत १० चौरस मिमीची वायर, आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज.

पॅनेलला बंद करायचे बटण नसते. उजेड पडला की टोकांवर दाब असतो. जोडताना पॅनेलवर जाड चादर टाका, त्यासाठी आपल्या गावाला कुठे जायला नको. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, मग पॅनेल. सोडवताना उलट: आधी पॅनेल, मग बॅटरी. पॅनेल आणि कंट्रोलरच्या मध्ये डीसी प्रवाहासाठीचा एमसीबी (आपोआप पडणारे बटण) बसवा. घरातला एसी प्रवाहाचा एमसीबी चालत नाही, कारण डीसीची ठिणगी सहजी विझत नाही. जोडण्याआधी मल्टिमीटरने धन-ऋण तपासा. वायरचा रंग बघून विश्वास ठेवू नका.

चालवून बघणे आणि निगा

पहिली फेरी तुळजापूरची करा. जवळपास ४५ किलोमीटरचा रस्ता, शेवटी घाटाची वळणे. परत आल्यावर टपावर चढून प्रत्येक बोल्ट पान्याने तपासा आणि नटावर मार्करची रेघ ओढा. पुढे रेघ सरकलेली दिसली की नट ढिला झालाय हे खालूनही कळते. गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर दोन नट चोरीपासून बचावाचे, वेगळ्या पान्याने उघडणारे घाला.

धूळ आपल्याकडे भरपूर. पंधरवड्यातून एकदा भल्या सकाळी ओल्या मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचे जड पाणी काचेवर वाळू दिले तर पांढरे डाग बसतात, तेव्हा पुसून कोरडे करा. अवकाळीतल्या गारांची भीती घालणारे भेटतील. चांगली पॅनेल २५ मिलिमीटरच्या गारेच्या माऱ्यावर तपासलेली असतात. लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या तर मात्र गाडी शेडमध्ये घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढगाळ दिवस आले की पॅनेल निम्म्यावर येतात. पावसाळ्यात फिरायचे असेल तर गाडीच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर सोबत असू द्या.

आणि दुपारी कंट्रोलरवर वीस-पंचवीस वॅटच दिसले म्हणून लगेच पॅनेल खोलायला जाऊ नका. आधी बॅटरी बघा. ती भरलेली असेल तर कंट्रोलर पॅनेलकडून वीज घेतच नाही. फ्रिज आणि पंखा दोन्ही चालू करा. आकडा वर चढला तर सगळे ठीक आहे. चढला नाही, तर पहिला संशय एमसी-४च्या जोडावर घ्या, दुसरा फ्यूजवर, आणि पॅनेलवर सर्वांत शेवटी.